खटखटीचा इतिहास आणि आईची झोप

गेले तीन वीकांत इथे काहीच खरडलं नाही. कारण घरगुती आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला आली. आमचं घर म्हणजे वन बीएचके. डॉक्टरांनी सांगितलेल्या उंचीचा दिवाण हॉलमध्ये, बाथरूमही तिथूनच जवळ, त्यामुळे आईचा मुक्काम हॉलमध्ये. आणि माझं टेबलही हॉलमध्येच! क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे रात्री एक-दीडपर्यंत आमचं दुकान उघडं.

आता माझा की-बोर्ड. पहिल्या बोनसमधून हौसेने घेतलेला मेकॅनिकल, निळ्या स्विचांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे निळे स्विच दर बटणाला 'टिक्' असा खणखणीत आवाज करतात. हापिसात नेला होता तेव्हा चौथ्या दिवशी शेजारच्याने हेडफोन काढून माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर तो घरीच आहे.

पहिल्या रात्री आई काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री साडेबाराला अंधारातून आवाज आला.

"अरे, आज चुका फार होतायत का रे तुझ्या?"

"कशावरून?"

"ते एक बटण सारखं मारतोयस. टक टक टक टक. कोपऱ्यातलं. ते खोडायचंच असणार ना?"

बॅकस्पेस!! आई चौतीस वर्षं पंचायत समितीत लिपिक-टंकलेखक होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिच्या कानाला माझा कोड ऐकू येत होता. मला मात्र त्या क्षणी वेगळीच गोष्ट कळली, की ती झोपलेलीच नाही. कालही झोपली नसणार. दुखऱ्या पायाने पडून माझे बॅकस्पेस मोजत होती बिचारी.

तर मंडळी, दुसऱ्या दिवशी शांत स्विच शोधायला बसलो. आणि नेहमीसारखं झालं, खरेदी राहिली बाजूला आणि इतिहास वाचत बसलो. पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आपण समजतो की आवाज हा यंत्राचा दोष आणि तो हळूहळू कमी होत गेला. प्रत्यक्षात तसं नाहीये. मधल्या काळात तर इंजिनिअरांनी मुद्दाम, पैसे खर्चून आवाज परत आणलाय!

सुरुवात टाइपरायटरपासून. शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र १८७४ मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलं. रेमिंग्टन म्हणजे बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणारी कंपनी. त्यामुळे त्या यंत्राच्या काही नगांना ओळ बदलायला शिवणयंत्रासारखं पायटं होतं. गंमत म्हणजे त्यात अक्षरं रुळाच्या खालच्या बाजूने आपटायची, त्यामुळे काय उमटलं ते टाइप करणाऱ्याला लगेच दिसायचंच नाही. चार ओळी पुढे गेल्यावर मग दर्शन. म्हणजे काम बरोबर चाललंय की नाही हे कळायला बोटं आणि कान, एवढंच हाताशी.

पुढे अक्षरं समोर दिसायला लागली, पण आवाज राहिला. त्याचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे. बटण दाबलं की अक्षराचा दांडा उडतो आणि हातोडीसारखा रिबनवर, कागदावर, रुळावर आदळतो. अक्षर त्या आदळण्यामुळेच उमटतं. एका खोलीत अशी वीस यंत्रं ठेवा, मग काय होईल ते सांगायला नको.

या आवाजाविरुद्ध पहिली मोठी लढाई लढला वेलिंग्टन पार्कर किडर नावाचा अमेरिकन संशोधक. त्याच्या यंत्राचं नावच 'नॉइजलेस'. कल्पना साधी पण भारी होती. दांडा उडवून आपटायचा नाही, तर तरफांच्या जोडणीने शेवटपर्यंत धरून न्यायचा आणि कागदाशी पोचताना त्याचा वेग कमी करून अक्षर दाबायचं. हातोडी मारण्याऐवजी शिक्का उमटवावा तसं. १९२४ मध्ये रेमिंग्टनने ही कंपनी आपल्यात घेतली आणि 'रेमिंग्टन नॉइजलेस' या नावाने ती यंत्रं पुढे बरीच वर्षं विकली. अगदी निःशब्द नव्हती ती, पण खण्ण जाऊन धप्प आलं.

मला वाटलं होतं की एवढं झाल्यावर बाकीची सगळी यंत्रं इतिहासजमा झाली असतील. छे! साधी खटखटणारी यंत्रं पुढेही कित्येक दशकं जगभर बनत राहिली. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि ते थेट २००९ पर्यंत बनवले.

हे मी आईला सांगत होतो. (दुपारी. रात्री फक्त कुजबुज.) ती म्हणाली, "हळू दाबून कसं चालेल? आम्हाला मूळ कागदाखाली चार कार्बन असायचे. शेवटच्या प्रतीवर उमटायला पाहिजे ना. साहेब शेवटचीच प्रत उचलून बघायचे."

१९८५ साली ती साताऱ्यात टायपिंग इन्स्टिट्यूटला जायची. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. सर हातात पट्टी घेऊन टेबलावर ठोके द्यायचे आणि सगळ्यांनी त्या ठोक्यावर ए एस डी एफ जी एफ करायचं. "आम्ही बघायचोच नाही," आई म्हणाली. "हात चुकला की आवाज बदलतो. दोन दांडे अडकले की वेगळा, कागद सुटला की वेगळा, ओळ संपत आली की घंटी. नजर शेजारच्या मसुद्यावर." सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापताना तर रिबन बाजूला करून टाइप करायचं. त्यात चूक झाली तर लाल द्राव लावून वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. बॅकस्पेसने मागे जाता यायचं, पण खोडता यायचं नाही. माझे दोनशे बॅकस्पेस ऐकून तिला काय वाटलं असेल याची आता कल्पना येतेय.

असो. आता संगणकाकडे.

१९६१ मध्ये आयबीएमने 'सिलेक्ट्रिक' नावाचा विजेचा टाइपरायटर आणला. त्यात दांडे नव्हते, गोल्फच्या चेंडूएवढा गोळा होता आणि त्यावर सगळी अक्षरं. ऑफिसं त्यावर फिदा झाली. पुढच्या दशकात टर्मिनल आले, म्हणजे पडदा आणि कळफलक, कागदावर काही आपटायचंच नाही. इतिहासात पहिल्यांदाच आवाजाची काही गरज उरली नाही. बटण म्हणजे नुसता विजेचा खटका!

मग आयबीएमने काय केलं? तेव्हाच्या त्यांच्या कळफलकांत 'बीम स्प्रिंग' नावाचे स्विच असायचे. पातळ पट्टीसारखी स्प्रिंग दाबाखाली टपकन वाकायची, त्यामुळे बोटाला झटका जाणवायचा. तेवढ्यावर न थांबता काही कळफलकांच्या आत त्यांनी एक सोलेनॉइड बसवला. म्हणजे विजेवर चालणारी छोटी ठोकणी. तिचं विद्युत काम शून्य. दर बटणाला 'खट्' करणे, एवढ्यासाठीच तिचा जन्म! टाइपरायटरवर वाढलेल्या माणसाला बटण लागल्याची पावती हवी होती आणि आयबीएमने ती ठोकून दिली.

ही ठोकणी म्हणजे आपल्या फोनमध्ये फोटो काढताना वाजणाऱ्या खोट्या शटरची आजीच म्हणायची.

त्यानंतर आली या सगळ्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती वस्तू, बकलिंग स्प्रिंग. आयबीएमच्या रिचर्ड हंटर हॅरिसला तिचं पेटंट १९७८ मध्ये मिळालं. बटणाखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की ती आधी सरळ दबते आणि एका क्षणी कंबरेत लचकून बाजूला उडते. त्या उडीने खालचा छोटा हातोडा फिरतो आणि सिग्नल जातो. झटका, आवाज आणि सिग्नल, तिन्हींचं मूळ एकच उडी. त्यामुळे आवाज आला म्हणजे अक्षर गेलं, यात खोटेपणाला वावच कमी. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आलेला 'मॉडेल एफ' आणि १९८५ च्या सुमारास आलेला 'मॉडेल एम' या दोघांत हीच स्प्रिंग. मॉडेल एमचे भक्त आजही आहेत आणि त्यांच्या बायकाही. :)

जर्मनीत याच सुमारास वेगळं चाललं होतं. चेरी ही मूळची अमेरिकन कंपनी, १९५३ ची. तिच्या जर्मन शाखेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एमएक्स हा स्विच बनवला. तेव्हा जर्मनीत कळफलक उंच असू नये, मनगटं दुखतात, असा आग्रह धरणारे नियम आले होते, त्यामुळे बुटका स्विच हवा होता. एमएक्सची रचना सोपी: मधे सरकणारा प्लास्टिकचा दांडा, त्याभोवती स्प्रिंग, बाजूला धातूच्या दोन पट्ट्या. दांडा खाली गेला की पट्ट्या टेकतात. दांड्याचा आकार बदलला की स्वभाव बदलतो, आणि रंगावरून तो ओळखायचा. काळा आणि लाल म्हणजे सरळ खाली जाणारे, तपकिरीला मधे बारीकसा उंचवटा, आणि निळ्यात दांड्याभोवती एक सुटं कडं असतं, ते उंचवट्यावरून सुटून खाली आदळतं. टिक्!

आणि हा निळा तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. माहीत नसेल, पण ऐकलाय. जुना टीव्हीएस गोल्ड आठवतोय? रेल्वे रिझर्व्हेशनच्या खिडकीपलीकडून जो तडतड आवाज यायचा, बँकेत, कोर्टाबाहेर, झेरॉक्सवाल्याकडे... त्यात चेरीचे निळे स्विच असायचे. जगात हौशी लोक जे स्विच जपून मिरवतात, ते आपल्याकडे सरकारी टेबलावर चहाचे डाग अंगावर घेत बसलेले.

आईच्या ऑफिसातही गोल्डच होता. पण त्याआधीची एक गोष्ट तिने मला या तीन आठवड्यांत पहिल्यांदा सांगितली. संगणक आले तेव्हा सोबत साधे रबराचे की-बोर्ड आले. हे रबर डोमवाले की-बोर्ड १९९० च्या दशकात स्वस्ताईमुळे सगळीकडे पसरले. बटणाखाली रबराची टोपी, तिच्याखाली प्लास्टिकचे पडदे. आवाज कमी आणि किंमतही. आईला त्यावर टाइपच करता येईना. "बटण लागलं की नाही तेच कळायचं नाही. म्हणून वर बघायचे. वर बघितलं की मसुद्यातली ओळ सुटायची. मग खाली बघायचे." जिचा मजकूर साहेब न वाचता सही करायचे, ती चाळिशीच्या आसपास नवीन पोरांपेक्षा मागे पडली. तिला वाटलं आपलं वय झालं. विनंती करून बदली मागायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता म्हणे. मी तेव्हा शाळेत होतो, घरात आम्हाला काही कळलं नाही.

मग सहा-आठ महिन्यांनी तिच्या टेबलावर गोल्ड आला. "आवाज आला आणि हात आपोआप चालायला लागले," एवढंच म्हणाली. अर्ज फाडला.

हे ऐकल्यावर सोलेनॉइडवर हसल्याचं मला जरा वाईट वाटलं.

पण म्हणजे माझा प्रश्न आणखी अवघड झाला ना? टाइप करणाऱ्याला खूण हवी, झोपणाऱ्याला शांतता. एकच आवाज, एकाला आधार आणि दुसऱ्याला डोकेदुखी. यावरचा तोडगा म्हणजे खूण कानाकडून काढून बोटाकडे द्यायची. आणि शांत स्विचांचा खरा इतिहास इथेच सुरू होतो.

आधी आवाज येतो कुठून ते बघू. निळ्यातला 'टिक्' हा एक. पण तो काढला तरी दोन उरतात: दांडा तळाला आपटतो तो, आणि बोट उचलल्यावर परत वर येऊन छताला आपटतो तो. दुसरा आपल्या लक्षातच येत नाही. हे दोन्ही मारायचे तर आपटण्याच्या जागी मऊ काहीतरी हवं. जपानच्या आल्प्स कंपनीने दांड्यालाच रबराचे छोटे तुकडे बसवून हे केलं होतं. १९९० च्या ॲपल एक्स्टेंडेड की-बोर्ड टू मध्ये हे 'डॅम्प्ड' स्विच होते. जपानच्याच टोप्रे कंपनीच्या स्विचमध्ये रबराची टोपी, आत शंकूच्या आकाराची स्प्रिंग, आणि धातूला धातू न टेकवता धारकतेतल्या बदलावरून बटण ओळखायचं. २०११ मध्ये आलेल्या 'हॅपी हॅकिंग'च्या टाइप-एस या आवृत्तीत हाच स्विच आवाज आणखी दाबून वापरला. किंमत मात्र अशी की नुसतं बघूनच शांत व्हावं.

चेरीने स्वतःचे सायलेंट लाल आणि सायलेंट काळे आणले २०१५-१६ च्या सुमारास. दांड्यातच वर-खाली मऊ भाग. त्या पॅडमुळे प्रवास जरासा घटतो: साध्या लालमध्ये बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, सायलेंट लालमध्ये ३.७. दाब तोच, ४५ सेंटिन्यूटन. तोपर्यंत एमएक्सची मूळ पेटंटं संपली होती, त्यामुळे गॅटेरॉन, कैल्ह वगैरे चिनी कंपन्या त्याच मापाचे स्विच बनवायला लागल्या होत्या. त्यातून मग छोट्या हौशी लोकांनी 'सायलेंट टॅक्टाइल' हा प्रकार चांगलाच पुढे नेला. म्हणजे आपटण्याच्या जागी मऊ पॅड, पण मधे ठसठशीत उंचवटा.

माझा की-बोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे डाग न देता स्विच उपटून दुसरे बसवता येतात. तीन प्रकारचे मागवले आणि एकेक आठवडा वापरले. चाचणीची पद्धत: दिवाणावर आई, बंद दारामागे बायको.

पहिला आठवडा तपकिरी. 'शांत' म्हणून सगळे हाच सुचवतात. टिक् गेला, पण खाली-वर आपटणं तसंच. बायको म्हणाली, "अरे, दारातून ऐकू येतंय." आई म्हणाली, "आता स्पेसबारच जास्त लागतो." बरोबर होतं तिचं. स्पेसबारखालच्या तारेचा खडखडाट हा स्विचचा दोषच नाही. तिथे थोडं ग्रीस लावल्यावर फरक पडला, आणि तो फुकटात.

दुसरा आठवडा सायलेंट लाल. आवाज जवळजवळ गेला. आई दोन रात्री सलग झोपली. पण माझी गडबड झाली. उंचवटा नाही, आवाज नाही, तळही मऊ, चिखलात बोट घातल्यासारखा. बटण लागलं की नाही कळेना, म्हणून मी सारखा पडद्याकडे बघायला लागलो, आणि चुका वाढल्या. तेव्हा आईचं ते रबराच्या की-बोर्डचं बोलणं मला खऱ्या अर्थाने कळलं. मला हे एक आठवडा झालं आणि बदलायला स्विच हाताशी होते. तिचे तसे सहा-आठ महिने गेले, आणि तिला वाटत होतं की दोष आपल्या वयाचा आहे.

तिसरा आठवडा बोबा यू४, सायलेंट टॅक्टाइल. उंचवटा थेट वरपासूनच सुरू होतो, बोटाला स्पष्ट 'लागलं' कळतं, आणि तळाला नुसतं 'फस्'. पहिले दोन दिवस बोटं दमली, नंतर सवय झाली. सध्या हेच आहेत.

ज्यांना घाईत निष्कर्ष हवा त्यांच्यासाठी: घरात किंवा हापिसात शेजारी माणूस असेल तर निळा विसरा. तपकिरीला शांत समजू नका. बोट हलकं असेल, तळापर्यंत न दाबता टाइप करत असाल, तर सायलेंट लाल. खूण लागत असेल तर सायलेंट टॅक्टाइल. आणि काहीही घेण्याआधी की-बोर्डखाली एक जाडसर कापड घालून बघा; निम्मा आवाज टेबलाचाच असतो असं माझं मत झालंय.

काल रात्री बाराच्या सुमारास कॉल संपवला आणि वळून पाहिलं तर आई जागीच होती.

"आवाज येतोय का गं?"

"नाही रे, पाय ठणकतोय." मग थोडं थांबून, "काही ऐकूच येत नाही आता. काम करतोयस की नुसता बसलायस, काय कळणार."

गोळी दिली, पाणी दिलं. ती झोपेपर्यंत दिवा मालवून बसलो. उपटलेले निळे स्विच डब्यात भरून ठेवलेत. पुढच्या महिन्यात ती साताऱ्याला परत जाईल. तिथल्या संगणकाला रबराचाच की-बोर्ड आहे आणि भिशीच्या बायकांचा हिशेब ती त्यावर एका बोटाने लिहीत असते. निळ्या स्विचांसाठी एक स्वस्तातली फ्रेम बघतोय. कुणाला माहीत असेल तर कळवा.